रस्ता, नळ आणि दफ्तर

डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर मार्गाने परळ, दादर, किंग्ज सर्कल मागे टाकून उत्तरेस निघालेला प्रवासी शीवला राणी लक्ष्मी चौकापाशी येतो, तेव्हा आपण अखंड एकाच रस्त्याने आलो अशी त्याची समजूत असते. वस्तुतः तेथून मैल-दीड मैलाच्या परिसरात तो इतक्या निरनिराळ्या धन्यांच्या मुलखांतून जातो, की पूर्वीच्या काळी असे मुलूख ओलांडताना प्रत्येक नाक्यावर जकात भरावी लागली असती. आंबेडकर मार्ग महानगरपालिकेचा. शीव रुग्णालयासमोरचा उड्डाणपूल १९९६ साली स्थापन झालेल्या राज्य रस्ते विकास महामंडळाने उभारलेला. ठाण्याकडे जाणारा पूर्व द्रुतगती महामार्ग अनेक वर्षे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या ताब्यात होता आणि २०२२ सालच्या अखेरीस महानगरपालिकेकडे आला. पनवेलच्या दिशेने फुटणाऱ्या महामार्गावर सार्वजनिक बांधकाम खात्याचा अंमल. आणि स्थानकालगत पूर्व-पश्चिम शीव जोडणाऱ्या पुलाच्या बाबतीत एक बाजू रेल्वेची, दुसरी पालिकेची. विजेचीही तीच कथा आहे. बेस्टचा वीजपुरवठा शीव आणि माहीम येथे संपतो व पलीकडे दुसऱ्या कंपन्यांच्या तारा सुरू होतात. पालिकेच्या अंतर्गत कारभारातही शीव एफ उत्तर विभागात, लगतची धारावी जी उत्तर विभागात आणि कुर्ला एल विभागात, अशी वाटणी आहे.

एखाद्या सीमेवरच्या गावाला हे भोगणे प्राप्तच आहे, असे कोणी म्हणेल. परंतु शीवला जे आडवे, जमिनीच्या पाठीवर दिसते, तेच मुंबईच्या प्रत्येक गल्लीत उभे, पृष्ठभागापासून खाली खोल दिसून येते. वरच्या थराचा मालक रस्ते खाते, त्याखालच्या नळाचा मालक जलअभियंता खाते, पावसाचे पाणी नेणाऱ्या वाहिनीचा मालक पर्जन्यजलवाहिन्या खाते, मैल्याच्या वाहिनीचा मालक मलनिःसारण खाते, आणि त्यांच्या अवतीभोवती वीज, गॅस व दूरध्वनी कंपन्यांच्या केबली व नळ. रस्त्याच्या पृष्ठभागाची निगा राखण्याचे शास्त्र गेल्या साठ-सत्तर वर्षांत पुष्कळ प्रगत झाले आहे. परंतु ते शास्त्र बहुतांशी असे गृहीत धरते, की रस्ता ही एक स्वतंत्र वस्तू आहे. शहरात ही समजूत टिकत नाही, आणि ती टिकत नाही म्हणूनच आपला पैसा दर पावसाळ्यात वाहून जातो, हे या लेखाचे प्रतिपाद्य आहे.

मुंबईच्या इतिहासात रस्ता ही स्वतंत्र वस्तू मानली जात नव्हती असा एक कालखंड होऊन गेला आहे, आणि त्याचे उत्तम उदाहरण माटुंगा व शीव हेच आहे. १८९६ च्या प्लेगने शहर हादरल्यानंतर १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली, आणि दादर, माटुंगा, शीव, वडाळा या भागांतील शेते, खाजण व वाड्या संपादन करून ट्रस्टने तेथे आखीव वसाहती वसवल्या. जमीन भरून घ्यावयाची, तिला उतार द्यावयाचा, गटारे व नळ टाकावयाचे, मग रस्ता बांधावयाचा, पदपथ व झाडे आखावयाची, आणि शेवटी इमारतींसाठी भूखंड मक्त्याने द्यावयाचे, ही सारी कामे एकाच योजनेची अंगे होती. ट्रस्टच्या कारभाराविरुद्ध तक्रारी पुष्कळ होत्या, आणि गरिबांच्या चाळी पाडून त्यांना वेळेवर निवारा न दिल्याचा दोष त्याच्या माथी रास्तपणे येतो. पण रस्ता, गटार आणि जोते यांची पातळी एकाच कागदावर ठरत होती, हे नाकारता येत नाही. १९३३ साली ट्रस्ट महानगरपालिकेत विलीन झाला. योजना संपली, निगा सुरू झाली. आणि निगेसाठी जी खाती होती, त्यांनी आपापला वाटा उचलला. जन्मतः जे एकत्र होते ते वार्धक्यात विभक्त झाले, आणि आज माटुंगा-शीवचे रस्ते व त्यांच्या पोटातील वाहिन्या वार्धक्यातच आहेत.

आता रस्तेशास्त्राकडे वळू. या शास्त्राच्या भारतातील पायाभरणीत एका मुंबईकर मराठी माणसाचा मोठा वाटा आहे, याचे स्मरण फारसे कोणी ठेवत नाही. १९२७ साली नेमलेल्या भारतीय रस्ते विकास समितीचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंद रामराव जयकर होते. समितीने १९२८ साली अहवाल दिला, त्याला अनुसरून पेट्रोलवरील जादा करातून १९२९ साली मध्यवर्ती रस्ते निधी उभा राहिला, १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस स्थापन झाली आणि स्वातंत्र्यानंतर १९५२ साली दिल्लीस केंद्रीय रस्ते संशोधन संस्था सुरू झाली. त्याआधी १९४३ साली मुख्य अभियंत्यांची परिषद नागपुरास भरली व तिच्या आराखड्याने देशातील रस्त्यांची प्रतवारी निश्चित केली. ही परंपरा आंतरग्रामीण आणि आंतरनगरी रस्त्यांची आहे. रानावनातून जाणाऱ्या सडकेखाली नळ नसतात. म्हणून तिचा विचार पृष्ठभाग, पाया व भार एवढ्यापुरता करता येतो.

भाराचा विचार खऱ्या अर्थाने प्रयोगाच्या पातळीवर आला तो अमेरिकेत, इलिनॉय राज्यातील ओटावा या गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात झालेल्या प्रचंड चाचणीत. निरनिराळ्या जाडीचे रस्ते बांधून त्यांवरून ठरावीक वजनाच्या मालमोटारी अहोरात्र फिरवण्यात आल्या, आणि त्यातून असा निष्कर्ष निघाला, की चाकांच्या आसावरील भार वाढला असता रस्त्याचे नुकसान साधारणपणे त्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला तर हानी सोळापट. त्याच चाचणीतून रस्त्याच्या ‘सेवाक्षमते’चे गणित निघाले. पुढे पृष्ठभागाचा खडबडीतपणा मोजण्याचा आंतरराष्ट्रीय निर्देशांक आला, बेंकेलमनच्या तुळईने आणि नंतर वजन पाडून खचण मोजणाऱ्या यंत्राने रस्त्याच्या पोटातील बळ अजमावता येऊ लागले, आणि जागतिक बँकेच्या पुढाकाराने अशी संगणकीय प्रणाली तयार झाली, की जी अमुक रस्ता किती वर्षांनी किती खराब होईल व त्यावर कोणत्या वर्षी कोणता उपचार केला असता एकंदर खर्च कमीत कमी येईल याचा अंदाज देते. या सर्वांचे सार एका वाक्यात सांगावयाचे तर असे, की सर्वांत वाईट रस्ता सर्वांत आधी दुरुस्त करणे हा व्यवहार दिसावयास न्याय्य पण हिशेबात महाग आहे. जो रस्ता अजून बरा आहे पण बिघडण्याच्या उंबरठ्यावर आहे, त्यावर वेळीच पातळ थर टाकणे अनेक पटींनी स्वस्त पडते.

हे तत्त्व निःसंशय खरे आहे. परंतु ते किंग्ज सर्कलजवळच्या गांधी मार्केटपाशी किंवा शीवच्या रस्ता क्रमांक २४ वर आणून पाहावे. हे दोन्ही भाग सखल. जोराच्या पावसात, आणि त्यातून समुद्राला भरती असेल तर हमखास, तेथे पाणी साचते. डांबराचा मुख्य शत्रू वाहन नसून पाणी आहे, हे प्रत्येक उपअभियंता जाणतो: खडी आणि डांबर यांची पकड पाणी सोडवते, खालचा मुरूम मऊ करते, आणि मग वरून गेलेल्या बसच्या प्रत्येक चाकाबरोबर चिखल वर फेकला जाऊन खड्डा पडतो. म्हणजे येथे रस्त्याच्या आयुर्मानाचा खरा निर्णय पर्जन्यजलवाहिनीच्या वहनक्षमतेत आहे. मुंबईच्या जुन्या वाहिन्या तासाला सुमारे २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या; १९८५ च्या अतिवृष्टीनंतर हाती घेतलेल्या आणि १९९३ साली सिद्ध झालेल्या ‘ब्रिमस्टोवॅड’ या आराखड्याने ती क्षमता ५० मिलिमीटरपर्यंत नेण्याची शिफारस केली. तो आराखडा बराच काळ दफ्तरात राहिला, आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हा शहराला त्याची आठवण झाली. त्यानंतर माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने शहराच्या जलनिःसारणाचा साकल्याने विचार केला. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझधरबांध अशी उदंचन केंद्रे उभी राहिली. हिंदमाता परिसराचे पाणी साठवण्यासाठी २०२१ साली भूमिगत टाक्या झाल्या. मात्र शीव, किंग्ज सर्कल, वडाळा या पट्ट्याला ज्याचा आधार मिळावयाचा, त्या माहुल उदंचन केंद्राचे काम मिठागराच्या जागेच्या प्रश्नावरून वर्षानुवर्षे रखडत राहिले. रस्ते खात्याने या पट्ट्यात कितीही उत्तम डांबर ओतले, तरी त्याचे आयुष्य माहुलच्या फायलीशी बांधलेले आहे. पृष्ठभागाची प्रणाली हा संबंध पाहू शकत नाही, कारण तिच्या नोंदीत वाहिनी हा रकानाच नाही.

पाण्याचा दुसरा मार्ग वरून नव्हे, आतून येतो. मुंबईला १८६० साली विहारचे, १८७९ साली तुळशीचे आणि १८९२ साली तानशाचे पाणी आले, आणि दक्षिण व मध्य मुंबईतील बिडाच्या पुष्कळ वाहिन्या फार जुन्या आहेत. त्यातून पाणी दिवसातील काही तासच सोडले जाते. म्हणजे नळ रोज भरतो आणि रोज रिता होतो, दाबाचा हा चढउतार त्याच्या सांध्यांना शिथिल करतो, आणि गळलेले पाणी रस्त्याचा पाया मुकाट्याने भिजवीत राहते. एके दिवशी नळ फुटतो, जलखाते चर खोदते, नळ जोडून चर बुजवते, आणि ठेकेदाराने माती थरांथरांनी नीट न दाबल्यामुळे पहिल्याच पावसात तो चर खचतो. नागरिक या खचलेल्या जागेला खड्डा म्हणतात व रस्ते खात्याला दोष देतात. रस्ते खाते तेथे मास्टिक ओतते. जमाखर्चात एक नळदुरुस्ती व एक खड्डेदुरुस्ती अशा दोन वेगळ्या नोंदी पडतात. रोग एकच होता, हे कोणत्याच वहीत लिहिले जात नाही.

खड्ड्यांचा प्रश्न न्यायालयापर्यंत पोहोचला तोही असाच, परिणामाच्या बाजूने. २०१३ साली न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी मुख्य न्यायमूर्तींना लिहिलेल्या पत्रावरून मुंबई उच्च न्यायालयाने जनहित याचिका दाखल करून घेतली, आणि चांगला रस्ता हा नागरिकाचा हक्क आहे ही भूमिका त्या सुनावणीत दृढ झाली. न्यायालयाने प्राधिकरणांना जाब विचारला हे योग्यच झाले. पण न्यायालयात उत्तर देताना प्रत्येक प्राधिकरण आपल्या हद्दीबाहेरचा खड्डा दुसऱ्याच्या नावे टाकते, हेही त्याच सुनावण्यांतून वारंवार दिसले.

या पार्श्वभूमीवर सध्याच्या सिमेंट काँक्रिटीकरणाकडे पाहिले पाहिजे. मुंबईत पालिकेच्या ताब्यातील सुमारे २,०५० किलोमीटर रस्त्यांपैकी बराच भाग आधीच काँक्रीटचा झालेला होता. २०२३ पासून सुरू झालेल्या पहिल्या टप्प्यात सुमारे ३९७ किलोमीटरसाठी ६,०८० कोटी रुपयांची कामे दिली गेली, आणि दुसऱ्या टप्प्यात आणखी तीनशे किलोमीटरच्या वर. गुणवत्तेच्या तपासणीसाठी मुंबईच्या आयआयटीची मदत घेतली गेली. काँक्रीट पाण्याने डांबरासारखे उखडत नाही, आणि मुंबईच्या पावसात हा मोठाच गुण आहे. या निर्णयाला सरसकट नावे ठेवणाऱ्यांशी मी सहमत नाही. प्रश्न वेगळा आहे. पंचवीस-तीस वर्षे टिकावे म्हणून जो थर आपण अंथरतो, त्याच्या खालच्या नळाचे उरलेले आयुष्य दहाच वर्षांचे असेल, तर त्या थराचे खरे आयुष्यही दहाच वर्षांचे आहे. रस्त्याच्या छेदात जी वस्तू सर्वांत आधी निकामी होणार, तिचीच मुदत ही साऱ्या रस्त्याची मुदत. म्हणून काँक्रीट ओतण्यापूर्वी त्या गल्लीतील प्रत्येक वाहिनीचे वय, धातू, गळतीचा इतिहास आणि खोली विचारली गेली पाहिजे, आणि ज्या वाहिनीला तेवढे आयुष्य नाही ती त्याच खोदकामात बदलली गेली पाहिजे. काही रस्त्यांवर हे झाले, उपयोगिता वाहिन्यांसाठी कडेने नळ्या सोडल्या गेल्या. काही रस्त्यांवर झाले नाही, आणि नवे काँक्रीट पुन्हा फोडल्याची दृश्ये शहराने पाहिली. पातळीचीही अशीच गोष्ट आहे. रस्त्यावर थरावर थर चढवीत गेल्याने तो जुन्या इमारतींच्या जोत्यांपेक्षा उंच होतो, आणि तळमजल्यावरच्या बिऱ्हाडाच्या दृष्टीने उत्तम रस्ता म्हणजे घरात येणारे पाणी ठरते. जोते ही सार्वजनिक मालमत्ता नसली, तरी ती रस्त्याच्या हिशेबात धरलीच पाहिजे.

पुलांच्या बाबतीत एकात्म विचाराची निकड अधिक निष्ठुरपणे सिद्ध झाली आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील, १९२८ साली बांधलेला पूल वाहून गेला आणि वाहनांसह माणसे पुरात गेली. त्याच वर्षी केंद्र सरकारने देशातील पुलांची गणती करून प्रत्येकास ओळखक्रमांक देणारी भारतीय पूल व्यवस्थापन प्रणाली जाहीर केली. ३ जुलै २०१८ रोजी अंधेरीच्या गोखले पुलाचा भाग रुळांवर कोसळला. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसजवळचा पादचारी पूल पडला, आणि त्या पुलाची संरचनात्मक तपासणी होऊन तो किरकोळ दुरुस्तीने वापरण्यायोग्य ठरवण्यात आला होता, हे नंतर उघड झाले. तपासणीचा कागद असणे आणि त्या कागदाने कोणाचा निर्णय बदलणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. गोखले पूल नव्याने बांधून २०२४ साली त्याची एक बाजू खुली झाली, तेव्हा रेल्वेच्या वाढीव उंचीच्या अटीमुळे तो लगतच्या बर्फीवाला उड्डाणपुलाशी जुळेना. दोहोंत माणूसभर उंचीचे अंतर पडले, आणि तंत्रज्ञांचा सल्ला घेऊन उड्डाणपुलाचा भाग उचलून जोडावा लागला. एकाच रस्त्याच्या दोन तुकड्यांची दोन दफ्तरे वेगळी राहिली, की काय होते, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण मुंबईत शोधावे लागणार नाही.

शीवचा १९१२ सालचा रेल्वेवरील पूल आयआयटीच्या तपासणीत धोकादायक ठरला, आणि पाचव्या-सहाव्या रेल्वेमार्गासाठीही त्याची पुनर्बांधणी अपरिहार्य होती. तो १ ऑगस्ट २०२४ पासून वाहतुकीस बंद झाला. निर्णय बरोबर होता. मात्र त्या दिवसापासून धारावी, कुर्ला व शीव रुग्णालय यांच्यामधील वाहतूक ज्या रस्त्यांवर लोटली गेली, त्या रस्त्यांवर जादा भार आला, आणि चौथ्या घाताचे गणित बसगाड्यांना व मालमोटारींना जितके लागू आहे तितके दुसऱ्या कशालाही नाही. पुलाच्या खर्चाच्या अंदाजात वळणरस्त्यांच्या झिजेचा खर्च धरण्याचा शिरस्ता आपल्याकडे नाही. १९४७ साली सुरू झालेल्या याच शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयाकडे येणाऱ्या रुग्णवाहिकेने त्या वळणावर घालवलेली मिनिटे तर कोणत्याच वहीत बसत नाहीत.

परदेशांत या प्रश्नाचा विचार दोन दिशांनी झाला. जपानने १९६३ साली कायदा करून मोठ्या रस्त्यांखाली सर्व वाहिन्यांसाठी समाईक बोगदे बांधण्याची व्यवस्था केली; म्हणजे खोदण्याचे कारणच नाहीसे केले. मुंबईच्या अरुंद व आधीच गच्च भरलेल्या रस्त्यांखाली हे थोड्याच ठिकाणी शक्य आहे. दुसरी दिशा न्यूझीलंड व ऑस्ट्रेलियाने दाखवली: तेथील अभियंत्यांनी रस्ते, नळ, गटारे, उद्याने या सर्वांसाठी एकच व्यवस्थापनपद्धती शब्दबद्ध केली, जिच्यात प्रत्येक मालमत्तेचे वय, स्थिती, ती निकामी झाल्यास होणारी हानी आणि तिच्या आयुष्यभराचा खर्च एकाच तऱ्हेने नोंदला जातो. अमेरिकेने २०१२ च्या कायद्याने प्रत्येक राज्याला प्रमुख महामार्गांच्या पृष्ठभागाचा व पुलांचा मिळून असा आराखडा सक्तीचा केला, आणि २०१४ साली आयएसओ ५५००० या मानकाने त्या पद्धतीला आंतरराष्ट्रीय रूप दिले. आपल्याकडेही अंगे तयार आहेत. २००४ च्या राष्ट्रीय नगरपालिका लेखासंहितेने मालमत्तांची नोंदवही ठेवण्यास सांगितले. २०२१ साली गतिशक्ती आराखडा आला. २०२३ साली खोदण्यापूर्वी वाहिनीच्या मालकास कळवण्याची ‘कॉल बिफोर यू डिग’ ही सोय आली. पालिकेची स्वतःची नकाशाप्रणाली आहे. अंगे आहेत, देह नाही.

यावर एक सूचना वारंवार पुढे येते, ती म्हणजे साऱ्यांना एका छत्राखाली आणणारे नवे प्राधिकरण. माझे मत तिच्या विरुद्ध आहे. मुंबईत प्राधिकरणांची वाण नाही, आणि प्रत्येक नवे प्राधिकरण म्हणजे शीवच्या नाक्यावर आणखी एक सीमा. १८८८ च्या महानगरपालिका अधिनियमाने सार्वजनिक रस्ते पालिकेच्या ठायी निहित केले आहेत, आणि रस्ते, गटारे व पाणी यांची व्यवस्था हे तिचे बंधनकारक कर्तव्य ठरवले आहे. अधिकार आहेत, उणीव दफ्तराची आहे. महाराष्ट्रातील शेतकऱ्याच्या वीस गुंठ्यांना जसा सातबारा आहे, तसा प्रत्येक रस्त्याला असावा: वरच्या भागात कोणते नळ, वाहिन्या, केबली कोणाच्या नावे, किती खोलीवर, कोणत्या वर्षीच्या; खालच्या भागात त्यांची स्थिती व त्यांवरील बोजा; आणि प्रत्येक चर, प्रत्येक फूट, प्रत्येक थर यांचा फेरफार तारखेसह नोंदलेला. ज्या शहराची कर्नल लॉटन यांनी १८६५ ते १८७२ या काळात घरनिहाय मोजणी केली, त्या शहराला जमिनीखालची मोजणी अशक्य असण्याचे कारण नाही. एक कडक नियम मात्र हवा: फेरफार नोंदल्याशिवाय ठेकेदाराचे देयक मंजूर होऊ नये. नोंदवहीला बळ येते ते तिच्यातील तंत्रज्ञानाने नव्हे, तिच्यावाचून पैसा न सुटण्याने येते. विभागवार अर्थसंकल्पातही रस्ता, नळ व गटार यांच्या तरतुदी एकाच गल्लीच्या नावे एकत्र दिसल्या पाहिजेत, म्हणजे विभागाचा नगरसेवक आणि नागरिक दोघेही विचारू शकतील, की या रस्त्याखालचा नळ किती वर्षांचा आहे.

अचूकतेचा आक्षेप येथे येईल, आणि तो खरा आहे: जुने नकाशे चुकीचे, अनेक वाहिन्यांचा ठावठिकाणा केवळ निवृत्त मुकादमांच्या स्मरणात. म्हणून आरंभ साऱ्या शहरात एकदम करू नये. एफ उत्तर विभाग यासाठी योग्य आहे. तेथे ट्रस्टच्या आखीव गल्ल्या आहेत, पाणी साचणाऱ्या जागा ठाऊक आहेत, नवे काँक्रीट पडते आहे, आणि एका पुलाची पुनर्बांधणी हाती आहे. काँक्रीटसाठी रस्ता उघडा पडतो तोच त्याच्या पोटातील सर्व वाहिन्या दिसण्याचा क्षण असतो. त्या दिवशी मोजणी करून घेतली नाही, तर पुढील पंचवीस वर्षे ती संधी येणार नाही. महापालिका प्रशासनाला विनंती आहे, की या विभागात यापुढे उघडला जाणारा प्रत्येक रस्ता बुजवण्यापूर्वी त्याची भूमिगत मोजणी व छायाचित्रे नोंदवून ती नागरिकांना पाहता येतील अशी प्रसिद्ध करावीत. आणि शीव-माटुंग्याच्या रहिवाशांनी आपल्या गल्लीत खोदकाम सुरू होताच विभाग कार्यालयात हीच मागणी लेखी द्यावी.